फोन धडधाकट, तरी लागत का नाही?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार हमखास येते. "ताई, फोन चांगला आहे, पण नवं सिम टाकलं तर लागतच नाही." आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

फोन आणि टॉवर यांची बोली एक असावी लागते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फक्त कोलामी बोलणारी आजी आणि फक्त मराठी येणारी नर्स समोरासमोर आल्या, तर दोघींचे कान शाबूत असूनही बोलणं होत नाही. तसंच हे. टूजी, थ्रीजी, फोरजी या टॉवरच्या बोल्या.

कंपन्या जुनी बोली बंद करत जातात. एअरटेलनं २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली. थ्रीजी गेलं की तो फोन टूजीवर येतो. बोलणं होतं, पण इंटरनेट रखडतं. जिओ २०१६ मध्ये आलं ते फोरजी घेऊनच. म्हणून टूजीच्या बटणाच्या फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही. त्यात फोनचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

म्हणून फोन घेताना चार गोष्टी बघा. खोक्यावर फोरजी आणि व्होल्टी, दोन्ही लिहिलेलं असावं. व्होल्टी म्हणजे फोरजीवरून कॉल करण्याची सोय. फोन एकाच कंपनीला बांधलेला नाही ना, ते विचारा. जिओफोन आणि जिओभारत यांत दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. आपल्या घरात आणि वावरात कोणत्या कंपनीची रेंज येते, ते शेजारणीला विचारा. आणि पैसे देण्याआधी दुकानातच आपलं सिम टाकून एक कॉल लावून बघा. पक्कं बिल घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, फोन बदला पण नंबर सोडू नका. बँकेचा आणि आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देते, मग आपला ओटीपी परक्याच्या हातात. सिम जुनं असेल तर त्याच नंबरचं फोरजी सिम मिळतं. कंपनी बदलायची असेल, तर इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून, आपला नंबर टाका आणि १९०० वर मेसेज पाठवा. येणारा कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्या, इतर कुणालाही सांगू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीचा फोन कोणता, सिम कोणतं आणि बँकेत नंबर कोणता दिला आहे, एवढं वहीत लिहून काढा. जिचा नंबर बंद आहे, तिच्यासोबत गटातल्या दोघींनी बँकेत जावं.