डार्करूमचा लाल दिवा
(रौप्यमहोत्सवातील ‘माझा छंद’ कार्यक्रमात केलेले भाषण)



फोटोच्या कागदावर चांदीच्याच क्षारांचा थर असतो, तेव्हा रौप्यमहोत्सवात माझा विषय अगदीच परका नाही! आपल्या भूमिपूजनाचे ब्लॅक अँड व्हाइट रोल माझ्याकडे आहेत. सोसायटीतली चार-पाच मुलं माझ्या बाथरूममध्ये ते छापायला शिकतायत. त्यांचे पालक विचारतात, “घरी करायचं तर लाल बल्ब कुठला आणू?”

देवघरातला झिरोचा बल्ब नको. त्याच्या काचेवर नुसता रंग असतो. तो जिथे विरळ, तिथून पांढरा उजेड निसटतो. या कागदाला निळा प्रकाश लागतो, व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदाला हिरवाही. लाल जवळजवळ लागत नाही, म्हणून तो ‘सेफलाइट’. लाल एलईडी स्वस्त पडतो, पण जुन्या सीडीवर त्याचा उजेड पाडून बघा. लालशेजारी हिरवी-निळी झाक दिसली तर दुकानदाराला परत द्या. पिवळट-तपकिरी फिल्टरचा तयार दिवा मिळाला तर त्यात 15 वॉटचाच बल्ब, आणि कागदापासून निदान 4 फूट लांब. आपल्या बाथरूममध्ये 4 फूट कुठून आणायचे? दिव्याचं तोंड भिंतीकडे करा.

तरी खरा निकाल नाण्याचा. लाल दिवाही बंद ठेवून एन्लार्जरखाली कागदाला इतकाच उजेड द्या, की डेव्हलप केल्यावर फिकट करडा रंग येईल. मग लाल दिवा लावून कागदावर रुपया ठेवा, 7 मिनिटं थांबा, दिवा विझवून डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा नापास. कोऱ्या कागदावर ही परीक्षा फसवी ठरते. थोडा उजेड खाल्लेला कागद जास्त हळवा असतो, आणि फोटो छापताना तो तसाच असतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण नापास दिवा फोटो पूर्ण काळा करत नाही, नुसता मळवतो. भूमिपूजनाला आलेल्या आजोबांची पांढरी टोपी, आजींच्या नऊवारीचा काठ, सगळं करडं होतं आणि आपण म्हणतो, “जुना रोल, असंच असणार!” त्यातले काहीजण आज आपल्यात नाहीत.

फिल्म टाकीत भरताना मात्र लाल दिवासुद्धा नको. नेहमीच्या फिल्मला लाल रंगही दिसतो, तिथे मिट्ट काळोखच हवा.

कुणाला दिवा तपासायचा असेल तर रविवारी दुपारी घेऊन या. संध्याकाळी नको, पाणी येतं. तेव्हा बाथरूम घरच्यांच्या ताब्यात असतं.