हार्लेमचे कम्युनिस्ट नगरसेवक : बेंजामिन डेव्हिस



न्यूयॉर्क शहराचे पाच विभाग आहेत आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने त्यातील प्रत्येक विभाग ही एक स्वतंत्र काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा घटक आहे. मॅनहटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी. वॉल स्ट्रीटच्या पेढ्या याच काउंटीत आणि हार्लेमची काळ्या श्रमिकांची वस्तीही याच काउंटीत. या काउंटीने 1943 साली एका कृष्णवर्णीय कम्युनिस्टाला शहराच्या विधिमंडळावर, म्हणजे सिटी कौन्सिलवर, निवडून पाठवले आणि 1945 साली पुन्हा पाठवले. हे सभासद म्हणजे बेंजामिन डेव्हिस.

डेव्हिस यांचा जन्म 1903 साली जॉर्जिया राज्यात झाला. वडील वृत्तपत्राचे मालक आणि रिपब्लिकन पक्षाचे पुढारी. मुलगा अॅम्हर्स्टला शिकला, हार्वर्डमधून वकील झाला. सुखवस्तू आयुष्य समोर होते. पण अटलांटात काळ्या व गोऱ्या बेकारांचा एकत्र मोर्चा नेणाऱ्या अँजेलो हर्नडन या तरुण कम्युनिस्टाला 1932 साली पकडण्यात आले. गुलामांची बंडे चिरडण्याच्या परंपरेतील एका जुन्या कायद्याचा त्याच्याविरुद्ध आधार घेण्यात आला. डेव्हिस यांनी त्याचे वकीलपत्र घेतले. 1933 च्या जानेवारीत हर्नडनला 18 ते 20 वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती 1937 साली रद्द केली. खटला चालू असतानाच वकील आपल्या अशिलाच्या पक्षात दाखल झाला होता.

1935 साली ते न्यूयॉर्कला आले आणि पक्षाच्या वृत्तपत्रांत काम करू लागले. त्यानंतर आठ वर्षांनी ते निवडून आले, ते कसे? येथे मतदानपद्धतीकडे नीट पाहिले पाहिजे. 1935 पर्यंत शहराच्या विधिमंडळात डेमोक्रॅटिक पक्षाच्या यंत्रणेचे वर्चस्व होते. त्या वर्षी सुमारे दोन तृतीयांश मतांवर तिने 65 पैकी 62 जागा घेतल्या. ही लूट नागरिकांनाच असह्य झाली आणि 1936 च्या सार्वमताने प्रमाणशीर प्रतिनिधित्व आले. मतदाराने पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. आपले आमदार राज्यसभेचे सभासद निवडताना हेच करतात. संपूर्ण काउंटी हा एकच मतदारसंघ आणि 75 हजार मतांमागे एक जागा. विखुरलेल्या श्रमिकांच्या मतांना प्रथमच किंमत आली. ब्रुकलिनमधून पीटर काकिओने हे कम्युनिस्ट 1941 सालीच निवडून गेले होते. त्याच वर्षी हार्लेमचे पाद्री अॅडम क्लेटन पॉवेल कौन्सिलचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. काँग्रेसवर जाण्यासाठी पॉवेल यांनी जागा सोडली आणि डेव्हिस यांना पाठिंबा दिला. पियानोवादक टेडी विल्सन यांनी कलावंतांची प्रचारसमिती उभारली. पॉल रोबसन हे तर जिवलग मित्रच.

पहिला सामना मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीशी झाला. पूर्व मॅनहटनमधील अठरा गल्ल्या पाडून कंपनी स्टायव्हसंट टाउन ही प्रचंड वसाहत बांधणार होती. जमीन शहराने सक्तीने संपादन करून द्यायची, करात 25 वर्षांची सवलत द्यायची, आणि घरे मात्र फक्त गोऱ्यांना! डेव्हिस सभागृहात पोहोचण्यापूर्वीच हा करार मंजूर झाला होता. तो त्यांना मोडता आला नाही. परंतु 1944 साली रिपब्लिकन सभासद स्टॅन्ली आयझॅक्स यांच्याबरोबर त्यांनी कायदा करून घेतला : यापुढे वर्णभेद करणाऱ्या कोणत्याही गृहप्रकल्पाला करसवलत नाही. स्टायव्हसंट टाउन त्यातून सुटले, आणि 1949 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीचीच बाजू उचलून धरली. तरी पुढचे दार बंद झाले होते. भाडेवाढ, पोलिसांचे अत्याचार, बेसबॉलच्या बड्या संघांतील वर्णबंदी या प्रश्नांवरही ते झगडत राहिले.

1945 साली त्यांची मते वाढली, आणि सत्ताधाऱ्यांनी धडा घेतला. शीतयुद्धाची हवा तापत होती. 1947 च्या नोव्हेंबरात नव्या सार्वमताने प्रमाणशीर प्रतिनिधित्व रद्द झाले. प्रचाराचा मुख्य सूर कम्युनिस्टांची भीती हाच होता. त्याच महिन्यात काकिओने वारले आणि त्यांच्या जागी पक्षाने सुचवलेल्या सभासदाला कौन्सिलने बसू दिले नाही. 1949 च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने निम्म्याहून थोड्याच अधिक मतांवर 25 पैकी 24 जागा बळकावल्या.

या निवडणुकीच्या सुमारास डेव्हिस होते कोठे? स्मिथ कायद्याखाली पक्षाच्या अकरा नेत्यांवर खटला चालला होता आणि त्यांत ते एक होते. कोणतेही हिंसक कृत्य सिद्ध करायचे नव्हते. शिकवण हाच गुन्हा. येथे एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. 1941 साली हाच कायदा ट्रॉट्स्कीवाद्यांवर चालवला गेला तेव्हा अमेरिकन पक्षाने त्याचे समर्थन केले होते. तेव्हा घासलेली सुरी आता स्वतःच्या मानेवर आली. ऐन प्रचारात डेव्हिस यांना तुरुंगात डांबण्यात आले, मतदानाला मोजके दिवस उरले असताना जामीन मिळाला. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि लिबरल अशा तिघांचा एकच उमेदवार, अर्ल ब्राउन, त्यांच्याविरुद्ध उभा होता. ते पराभूत झाले. एवढ्याने समाधान न झाल्याने, मुदत संपायला महिना उरला असताना कौन्सिलने त्यांची हकालपट्टी केली.

1951 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली आणि डेव्हिस पाच वर्षांच्या शिक्षेवर इंडियानातील टेरे होट तुरुंगात गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये शासकीय साहाय्य घेणाऱ्या घरांतील वर्णभेदाला बंदी करणारा कायदा झाला. तो आणणाऱ्यांत आयझॅक्स होते, आणि दुसरे होते अर्ल ब्राउन, डेव्हिस यांची जागा घेणारे!

तुरुंगातही काळ्या व गोऱ्या कैद्यांना वेगळे ठेवले जात असे. त्याविरुद्ध डेव्हिस यांनी न्यायालयात दाद मागितली. तेथेच त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. 1955 साली ते सुटले, पण हस्तलिखित तुरुंगाधिकाऱ्यांनी अडकवून ठेवले. 1964 साली डेव्हिस वारले. पुस्तक 1969 साली प्रसिद्ध झाले.