भाजणी, पिशवी आणि वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण गेल्या दिवाळीपासून आपल्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि फराळाचे काम बंदच करावे असे काहीजणी म्हणतात, म्हणून उभी राहिले.

झाले काय? चकलीच्या ऑर्डरी घेतल्या पाव किलोच्या, पिशव्या आल्या अर्ध्या किलोच्या. शेवटच्या आठवड्यात ऑर्डरी वाढल्या, तो आकडा भाजणी दळून आणणारीला कुणी कळवलाच नाही. शेगडीपुढच्या तिघी रात्री अकरापर्यंत घाम पुसत होत्या, आणि गिऱ्हाइकांची बोलणीही त्यांनीच खाल्ली! आळस कुणीच केला नव्हता. जिने तिने आपले काम चोख केले, शेजारणीच्या कामाची चौकशी मात्र केली नाही.

लिज्जत पापडाचे पाहा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तसे चार महिने सगळेच काम थांबले. वाळवण अडले की लाटणे अडते, विक्रीही अडते. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली! लाटणारीचे दुखणे सगळ्यांचे झाले, तेव्हा हे सुचले.

त्यांची रीत अशी की, मळलेले पीठ केंद्रावरून घरी न्यावयाचे, लाटून वाळवून पापड दुसऱ्या दिवशी परत आणावयाचे. तिथे वजन आणि पारख होते, मजुरी मिळते, नवे पीठ मिळते. पीठ फसले तर लगेच समजते. नफातोटाही सर्व बहिणींचा, त्यामुळे ‘माझे काम झाले, पुढचे तुम्ही बघा’ म्हणायला जागा नाही.

आपला व्याप तो केवढा! ऑर्डरी, भाजणी, पिशव्या आणि पैसे पाहणाऱ्या चौघींनी दर मंगळवारी अर्धा तास एकत्र बसावे. सगळे आकडे एकाच वहीत लिहावे. दिवाळीच्या आठ दिवस आधी ऑर्डर बंद. मग जाऊबाई का येईनात! हे जड जाईल, मला ठाऊक आहे. माझीच जाऊ आधी येईल.

वही मी आणली आहे, खजिनदारबाईंपाशी ठेवते. पहिल्या मंगळवारी त्या दोघींनी माझ्याकडे चहाला यावे, पिशव्यांचे माप तेव्हाच ठरवू.