अंगावर घेणारे गडी

(बेंबळी येथील श्रावणातल्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

बेंबळीकर मंडळी, फुटबॉलवर बोलणार असं मी कळवलं तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. ‘सर, कुस्तीवर नाही का बोलता येणार? आपल्याकडं फुटबॉल कोण बघतंय?’ मी म्हटलं, काळजी करू नका, तालमीच्या वाटेनंच जाऊ.

ही वाट कोल्हापुरातून जाते. तिथल्या फुटबॉल संघांची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लबही आहेत, पण तालमींचा भरणा मोठा. लाल मातीत घुमणारी पोरंच पुढं चेंडूमागं धावू लागली, त्यामुळं खेळ परदेशातून आला तरी त्याची रग इथलीच राहिली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. सामना मोठा असला की पेठाच्या पेठा तिकडं वळतात आणि बंदोबस्ताला पोलीस लागतात. त्या गावात माणूस आपला संघ निवडत नाही. ज्या पेठेत जन्मला तो त्याचा संघ.

सामना संपला की चहाच्या गाड्यावर दुसरा सामना सुरू होतो. त्यातला हुकमी विषय म्हणजे, आपल्या तालमीच्या इतिहासात सगळ्यांत टणक गडी कोण? गोल किती केले हा प्रश्न त्यापुढं फिका. गोल मोजता येतात, म्हणून त्यावर भांडण रंगत नाही. टणकपणा कोण मोजणार? मग एक म्हातारबा सांगतो की अमक्याला गुडघ्यात मार बसला तरी त्यानं मैदान सोडलं नाही. दुसरा म्हणतो, तो काय घेऊन बसलास, आमच्या बॅकच्या अंगावर जायला समोरचा फॉरवर्ड दोनदा विचार करायचा. ‘आताची पोरं वारं लागलं तरी लोळतात,’ हे वाक्य तर ठरलेलं. सांगता सांगता दोन टाक्यांचे सहा टाके होतात आणि कोणी हरकत घेत नाही, कारण हरकत घेणाऱ्याच्या गड्यालाही तेवढेच टाके वाढवून मिळालेले असतात.

त्या गड्यांची नावं मी इथं घेणार नाही. एका तालमीचं नाव पुढं केलं तर मला परत कोल्हापुरात पाऊल टाकायला बाकीच्या तालमींची परवानगी काढावी लागेल.

जुने टणक आणि नवे नाजूक या दाव्यात थोडी फसगत आहे. पिवळं आणि लाल कार्ड विश्वचषकात पहिल्यांदा आलं ते 1970 साली, मेक्सिकोत. बदली खेळाडू उतरवायची मुभाही विश्वचषकात त्याच वर्षी मिळाली. त्याआधी घोटा मुरगळलेल्या माणसापुढं दोनच वाटा होत्या. लंगडत खेळायचं, नाहीतर आपला संघ दहा जणांवर आणायचा. म्हणजे जुन्या माणसाच्या टणकपणात निम्मा वाटा नियमांचा होता. समोरच्याचे पाय तोडणाऱ्यालाही कार्डाचं भय नव्हतं.

पण नियमांच्या खात्यावर सगळंच टाकता येत नाही. जर्नेलसिंग धिल्लाँ घ्या. मोहन बागानच्या पाठीराख्यांत असा वाद निघाला की हे नाव टाळून पुढं जाताच येत नाही. जन्म लायलपूरचा, फाळणीत इकडच्या पंजाबात आलेलं पोर, पुढं कोलकात्याचा बॅक. 1962 च्या जाकार्ता आशियाई खेळांत थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं आणि टाके पडले. बॅकला तर उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्यानंच परतवावा लागतो. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी डोकं लढवलं. त्यांनी त्याला मागून काढलं आणि थेट पुढं, सेंटर फॉरवर्डला उभं केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला.

4 सप्टेंबरला अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियानं पहिल्या सामन्यात आपल्याला 2-0 नं हरवलं होतं. गॅलरीत लाखाच्या घरात माणसं आणि जवळजवळ सगळी आपल्या विरोधात. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवलं होतं, त्यावर आपले क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. तो राग खेळाडूंवर निघत होता. भारताच्या पायात चेंडू आला की हुर्यो. अशा गदारोळात सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगनं दुसरा. शेवटी कोरियानं एक फेडला, पण 2-1 नं सुवर्णपदक आपलं झालं.

आता त्याच सामन्यातला दुसरा माणूस बघा. गोलकीपर पीटर थंगराज. तो स्पर्धेत फ्लूनं आडवा झाला होता आणि अंतिम सामन्याला अंथरुणातून उठून गोलमध्ये उभा राहिला. आणि बाहेर बसलेले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना कर्करोग होता. पुढच्याच वर्षी, जून 1963 मध्ये, ते गेले. तिघांत टणक कोण? कुठल्याही कट्ट्यावर विचारा, उत्तर जर्नेलसिंग असंच येईल. मला ते चूक वाटत नाही, पण कारण वेगळं आहे असं वाटतं. फुटलेलं डोकं गॅलरीतून दिसतं. ताप दिसत नाही आणि शरीराच्या आतलं दुखणं तर मुळीच दिसत नाही. पाठीराखा जे बघतो त्याचाच हिशेब ठेवतो.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटी क्लबचा गोलकीपर बर्ट ट्राउटमान हे याचं मोठं उदाहरण. 5 मे 1956, एफ. ए. कपचा अंतिम सामना, विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. सामना संपायला साधारण सतरा मिनिटं राहिली असताना त्यानं फॉरवर्डच्या पायात झेप घेतली आणि मानेला धडक बसली. तो उठला, मान धरून खेळला, पुढंही चेंडू अडवले. सिटी 3-1 नं जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा मानेचा मणका मोडल्याचं कळलं. टणक गड्यांच्या यादीत जगभर त्याचं नाव घेतात ते या सतरा मिनिटांसाठी.

मला मात्र त्याचं 1949 साल जास्त अवघड वाटतं. हा जर्मन छत्रीसैनिक. इंग्रजांच्या हाती युद्धकैदी म्हणून लागला आणि सुटका झाल्यावर तिथंच राहिला. महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली, घराघरात कोणी ना कोणी गेलेलं. सिटीनं त्याला घेतलं तेव्हा वीसेक हजार लोक निषेधाला रस्त्यावर आले. त्यात सिटीचेच पाठीराखे होते. त्याला एक संधी द्या असं उघड पत्र लिहिलं कोणी, तर अलेक्झांडर आल्टमान नावाच्या ज्यू धर्मगुरूंनी, जे स्वतः नाझी जर्मनीतून निसटून आले होते. समोरच्या संघाचा धक्का खेळाडूला अपेक्षितच असतो. आपल्याच गॅलरीतून येणारी शिवी घेऊन नव्वद मिनिटं आपल्याच गोलसमोर उभं राहायचं, हे कशात धरायचं? टणक गड्याचा वाद घालताना पाठीराखे ही बाजू काढत नाहीत. काढली तर मारणाऱ्यांत स्वतःचं नाव येईल.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. इथं फुटबॉल नसेल, खो-खो आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम फेरीत नेपाळला 78-40 असं हरवलं आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या आधीची सारिका काळे. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, 2020 ची अर्जुन पुरस्कार विजेती. खो-खोला तो पुरस्कार बावीस वर्षांनी मिळाला होता. खो-खोत गडी टिपायला पोरगी सूर मारते तेव्हा कोपर, गुडघा आणि मांडीची बाजू एकदम जमिनीवर घासते. मॅटवर निदान चटका बसतो आणि भागतं, शाळेच्या मुरमाड मैदानावर कातडी सोलून निघते आणि खडा आत रुततो. तो काढायचा, हळद दाबायची, पुढच्या डावाला परत पाटीवर बसायचं. हे निदान बघणाऱ्याला दिसतं. पण सारिकानं पुढं मुलाखतीत सांगितलं की घरच्या गरिबीमुळं कित्येक वर्षं तिला दिवसाला एकच वेळचं जेवण मिळायचं. नीट आहार मिळायचा तो शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. रिकाम्या पोटी सूर मारणारी पोरगी आणि भरल्या पोटी सूर मारणारी पोरगी बाहेरून सारखीच दिसते.

बायकांची नावं या यादीत येतच नाहीत, हे जाता जाता सांगतो. त्यांनी रक्त सांडलं तर लोक हळहळतात आणि पुरुषानं सांडलं तर टाळ्या वाजवतात.

मग टणक कोण, याचा कौल कोणी द्यायचा? लीड्सच्या नॉर्मन हंटरकडं बघा. हा इतका आडदांड बॅक की 1972 च्या कप फायनलला त्याच्याच पाठीराख्यांनी ‘नॉर्मन पाय चावतो’ अशा अर्थाचा फलक कौतुकानं फडकवला. ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. पण 1974 मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांवर वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायला सुरुवात केली, तेव्हा पहिलाच मान त्यांनी हंटरला दिला. मतदारांत त्याच्या लाथा खाल्लेलेही होते. गॅलरीला त्याचे दात दिसत होते. जे त्याच्यासमोर खेळले त्यांना त्याचा डावा पाय, त्याची नजर, चेंडू कधी सोडायचा याची समजही माहीत होती.

कोल्हापुरात एकदा असं करून बघावं. पाटाकडीलचा टणक गडी शिवाजीच्या जुन्या फॉरवर्डांनी निवडायचा आणि शिवाजीचा पाटाकडीलच्यांनी. पाठीराख्यांनी फक्त चहा पाजायचा. निकाल कोणाला पटणार नाही आणि त्यावरून आणखी पाच वर्षं भांडण चालेल, याची मला खात्री आहे. पण त्या भांडणात निदान एखादं असं नाव वर येईल, ज्याच्या अंगावर एकही टाका नव्हता आणि तरीही ज्याच्यासमोर उभं राहायला सगळे टरकायचे.