सातची शाळा आणि खाली बसलेला धूर



थंडीच्या दिवसांत दिंडोरीच्या दवाखान्यात सकाळी सकाळी येणाऱ्या आयांचं बोलणं बहुतेक एकच असतं. "डॉक्टर, रातभर खोकतोय अन् पोट उडतंय." मी नळी लावण्याआधी बाळाचा सदरा वर करते आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. हे तुम्हालाही घरी जमेल, फक्त बाळ शांत हवं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४०, किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर उजाडायची वाट पाहू नका.

थंडीत सर्दीचे विषाणू फोफावतात, हे खरंच. पण हवेचंही ऐका. रात्री जमीन गार पडते, तिला लागलेली हवा जड होते आणि वरच्या उबदार थराचं तिच्यावर झाकण बसतं. आपल्या द्राक्षबागायतदारांना हे पक्कं ठाऊक आहे. कडाक्याच्या थंडीत ते बागेत शेकोट्या पेटवतात, कारण धूर वेलींवरच रेंगाळतो. अक्राळे, लखमापूरकडच्या कारखान्यांच्या बॉयलरचा धूरही त्याच झाकणाखाली अडकतो. ऊन चढल्यावर कुठे तो वर उठतो. आणि सकाळच्या शाळेची आपली पोरं दप्तर घेऊन निघतात सातला! मैदानावर कवायत, म्हणजे श्वास आणखी भराभर.

या धुरातले अडीच मायक्रॉनचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे. नाकात न अडकता ते थेट फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत जातात, आणि लहान वयात त्या पिशव्या अजून घडतच असतात. आपल्या देशाची २००९ची मर्यादा वर्षाच्या सरासरीत घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून ५ म्हणते. मला डॉक्टर म्हणून दुसरा आकडा जवळचा वाटतो.

२०१९चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. त्यात नाशिक आहे, आपली गावं नाहीत. म्हणून आपणच बोलायला हवं. शाळांनी थंडीत कवायत उन्हं वर आल्यावर घ्यावी. थंड बॉयलर पेटवताना धूर सगळ्यांत काळा निघतो, तेव्हा कारखान्यांनी ती वेळ पहाटेची ठेवू नये, एवढं ग्रामसभेत मागता येतं. आणि मुलाला दम्याचा पंप लिहून दिला असेल तर "सवय लागेल" म्हणून तो फडताळात ठेवू नका.

माझ्याकडे येणारी एक आई कॅलेंडरवर खूण करते. मुलगा रात्री खोकला की 'ख', धुराचा वास आला की 'ध', शेजारी वेळ. जानेवारीच्या पानावर बऱ्याच चौकोनांत दोन्ही अक्षरं होती. त्या पानाची झेरॉक्स जोडून तिनं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या कार्यालयाला अर्ज लिहिलाय. फेब्रुवारीचं पान ती आता भरते आहे.