न दिसणाऱ्या गोष्टीचे माप

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पेण येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी गणिताचा शिक्षक, वक्ता नव्हे. म्हणून माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी मी एका शिष्यवृत्ती समितीवर होतो. अर्जात घरातील वस्तूंची यादी असे. रोह्याकडील एका मुलीच्या अर्जात फ्रीज, रंगीत टीव्ही आणि शिलाई मशीन असे लिहिलेले होते. आम्ही अर्ज बाजूला ठेवला. पुढे कळले की वडील आखातातून परत येऊन दोन वर्षे घरी बसून होते, फ्रीज बंद होता आणि शिलाई मशीनवर आई लोकांचे कपडे शिवून घर चालवीत होती. मुलीची शाळा दहावीनंतर सुटली.

आमचे काय चुकले? गरिबी ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. दिसतात ती तिची चिन्हे. अशा न दिसणाऱ्या राशीला संख्याशास्त्रात अव्यक्त चल म्हणतात. बुद्धिमत्ता, समाजाचे मागासलेपण, पालकांची आस्था, सगळी याच जातीची. चिन्हांवरून मूळ राशीचा अंदाज बांधायचा, आणि मग तो अंदाज खरा किती हे तपासायचे. पहिले काम सगळेच करतात. दुसरे फार थोडे करतात. आम्हीही केले नाही.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसे होते ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे केंद्र आपल्या मुंबईत देवनार येथे, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आहे. 1998-99 च्या पाहणीत वस्तूंना गुण माणसांनी ठरवून दिले होते : मोटारीला 4, स्कूटरला 3, शिलाई मशीनला 2, घड्याळाला 1. हे गुण कोणी व कशावरून ठरवले, असा प्रश्न कुणीही विचारावा. 1992-93 च्या पहिल्या पाहणीची आकडेवारी घेऊन फिल्मर व प्रिचेट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. त्यांचा निबंध 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळ, सायकल, दिवाबत्ती, पाणी, भिंती, जमीन अशा 21 बाबी त्यांनी घेतल्या आणि कोणत्या बाबी एकमेकींबरोबर आढळतात हे पाहून वजने आकडेवारीतूनच काढली. या रीतीने जो पहिला घटक निघाला त्यालाच त्यांनी संपत्ती म्हटले.

पण त्याला संपत्ती म्हणणे हे शेवटी गृहीतकच. त्या 21 बाबींतील एकूण फरकांपैकी सुमारे एक चतुर्थांशच या घटकाने उलगडतो. बाकीचा तीन चतुर्थांश त्याच्या कक्षेबाहेर राहतो. हे लक्षात ठेवून त्यांनी मापाची परीक्षा घेतली. काही बाबी वगळल्या तर कुटुंबांचा क्रम बदलतो का? राज्यांचे क्रम दारिद्र्याच्या इतर आकड्यांशी जुळतात का? नेपाळ, पाकिस्तान, इंडोनेशिया येथे खर्चाचे आकडेही उपलब्ध होते. त्यांच्याशी ताडून पाहिले. माप बहुतेक ठिकाणी टिकले. आणि त्यातून निघालेली गोष्ट आपल्या कामाची आहे : 6 ते 14 वयाच्या मुलांत, वरच्या 20 टक्के घरांतील मूल शाळेत असण्याचे प्रमाण खालच्या 40 टक्क्यांपेक्षा देशात सरासरी 31 टक्क्यांनी जास्त होते. केरळात मात्र हा फरक 5 टक्क्यांहूनही कमी, आणि बिहारमध्ये 42 च्या वर! म्हणजे गरीब घरातले मूल शाळेबाहेर राहणे हा काही निसर्गनियम नव्हे.

आता या मापाची एक परीक्षा अशी आहे की ती आपल्या गावातच घ्यावी लागते. एकच चिन्ह सगळीकडे एकच अर्थ सांगते का? देशावर दगडी भिंत श्रीमंती सांगत असेल. कोकणात जांभा दगड जवळच मिळतो आणि आजोबांनी बांधलेले घर नातवाची मिळकत सांगत नाही. पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचे भांडवल माती, साचे आणि अर्धवट रंगवलेल्या मूर्तींत अडकलेले असते. घरगुती वस्तूंच्या यादीत त्याला जागा नाही. शिलाई मशीन एका घरी हौस, दुसऱ्या घरी भाकरी. आणि आखाताहून आलेला फ्रीज कधीच्या कमाईचा, हे तारखेशिवाय कसे कळणार? लाखभर कुटुंबांच्या सरासरीत अशा चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. पण ज्या चुका एकाच बाजूला झुकतात, म्हणजे आखातातून परतलेली सगळीच घरे श्रीमंत दिसणे, त्या कितीही घरे मोजली तरी जात नाहीत. शिवाय समितीसमोर सरासरी नसते, एक मूल असते.

यासाठी मी दोन प्रश्न सुचवले आहेत : सध्या घरात कमावते कोण, आणि गेल्या बारा महिन्यांत किती महिने पैसा आला. हेही चिन्हेच आहेत, चुकू शकतील. म्हणून या सुट्टीत पेणची वीस व रोह्याची वीस घरे घेऊन जुनी यादी आणि हे प्रश्न यांचे क्रम ताडून पाहायचे आहेत, आणि दोन वर्षांनी कोणाची शाळा सुटली तेही पाहायचे आहे. कोणाच्याही घराचे नाव वहीत येणार नाही. अकरावी-बारावीच्या ज्या मुलामुलींना हे काम करावेसे वाटते त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे.