कितव्या नंबरला खेळायचास?

आज ज्यांना शारीरिक शिक्षणाची पदवी मिळतेय ती तुम्ही सगळी मुलंमुली. अभिनंदन. आईबापांचं जरा जास्त, कारण फी त्यांनी भरली. मी मराठीत बोलतोय, कारण निम्मे चेहरे लिंबायत, उधना, डिंडोलीचे दिसतायत, म्हणजे मूळचे जळगाव, धुळे, नंदुरबारचे. गुजराती मंडळींनी सांभाळून घ्यावं. सुरतेत राहून मराठी कळत नाही असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही.

पीटीचे सर म्हणजे नक्की काय, हे तुमच्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून मी सांगतो. शाळेची घंटा बिघडली की पीटीचे सर. पाहुणे येणार, सतरंज्या घाला, पीटीचे सर. निवडणूक, जनगणना, पोलिओचे डोस, सगळीकडे पहिलं नाव आपलं. आणि दहावीचा पोर्शन राहिला की पीटीचा तास गणिताच्या सरांचा. लोक उसने पैसे परत करतात, पण माझ्या अख्ख्या नोकरीत गणिताच्या सरांनी उसना घेतलेला तास परत केला नाही. मैदानाचं तर बोलूच नका. लग्नसराईत मांडव पडायचा आणि सोमवारी सकाळी मी पोरांच्या तळव्यांतून मांडवाचे खिळे काढत बसायचो. तक्रार केली तर ऐकायला मिळायचं, सर, मैदान रिकामंच तर पडलेलं असतं.

त्याच मैदानावर माझा एक मुलगा सलामीला खेळायचा. नाव सांगत नाही, तो आता बँकेत आहे आणि नाव घेतलं की चिडतो. बाप लूमवर, आई साड्यांना खडे लावायची. टेनिस बॉलचं क्रिकेट, पण कव्हर ड्राइव्ह असा की नाक्यावरचे रिक्षावाले मीटर विसरून बघत राहायचे. बारावीत असताना डोळ्याचा पडदा सरकला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तोवर दुसऱ्याचाही सरकला. वर्षभरात दोन्ही डोळ्यांपुढे अंधार.

पुढे तो मैदानाच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागला. सगळ्यांना त्याची दया आली, आणि दया आली की लोक माणसाला मंचावर बसवतात. गल्लीच्या टूर्नामेंटला त्याच्या हस्ते नारळ फोडला. फायनलला बक्षीस वाटायला उभा केला. कुणीतरी हातात माइक दिला, बाजूचा मित्र कानात सांगणार आणि हा कॉमेंटरी करणार. एक ओव्हर केली आणि माइक ठेवून घरी निघून गेला. लोक म्हणाले, पोरगा फार मनाला लावून घेतो.

इथे मला पतौडी आठवतो. तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे, म्हणून सांगतो. जुलै १९६१, इंग्लंडमध्ये होव्हला गाडीचा अपघात झाला आणि काचेची कपची मन्सूर अली खान पतौडीच्या उजव्या डोळ्यात गेली. वय वीस. डोळा कामातून गेला. जगमधून ग्लासात पाणी ओतायला जावं तर ते टेबलावर पडायचं, म्हणजे अंतराचा अंदाजच संपला होता. बॅट धरली की एकाचे दोन बॉल दिसायचे. दोनांतला कुठला खरा, हे त्याने नेटमध्ये ठरवलं, टोपी उजव्या डोळ्यावर ओढली आणि त्याच डिसेंबरात दिल्लीला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला. पुढच्याच महिन्यात मद्रासला शतक.

मग मार्च १९६२, बार्बाडोस. वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा बॉल आपल्या कप्तान नरी काँट्रॅक्टरच्या कवटीवर बसला. तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण उभा होता? रूसी सुरती. आपल्या सुरतेत जन्मलेला! सुरतेच्या क्रिकेटवाल्यांना रूसीभाई माहीत नसतील तर पदव्या परत घ्याव्यात असं माझं मत आहे. नरीला रक्त द्यायला बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर पुढे आले, आणि त्यांच्या आधी वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल. त्या आठवड्यात कप्तानी आली एकवीस वर्षांच्या, एका डोळ्याच्या पोरावर. नरी वाचला, गुजरातकडून रणजीही खेळला, पण कसोटीत त्याला पुन्हा घेतलं नाही. खेळायला तो तयार होता. नको म्हणणारे दुसरेच होते. पतौडीचं कौतुक करताना लोक हे विसरतात. तो परत आला हे खरंच, पण निवड समितीने त्याला परत घेतलंही. त्याला पॅव्हेलियनमध्ये हार घालून बसवला असता तर १९६८ साली न्यूझीलंडमध्ये परदेशातली आपली पहिली मालिका कुणाच्या कप्तानीत जिंकलो असतो, मला माहीत नाही. त्या संघातही रूसीभाई होते.

असो. पतौडीला एक डोळा तरी होता.

मी अहमदाबादेहून अंधांच्या क्रिकेटचा बॉल मागवला. पांढरा, कडक प्लास्टिकचा, आत छर्रे. पोराच्या हातात दिला. त्याने कानापाशी हलवला आणि म्हणाला, "सर, हा खुळखुळा आहे. मी बारशाला आलेलो नाही." मी म्हटलं, बरं, खेळू नकोस, नुसता धर. १९२२ साली मेलबर्नच्या कारखान्यातल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हा खेळ सुरू केला, हेही सांगितलं. ते त्याला पटलं असावं. लूमवाल्याचाच पोरगा तो.

आता खेळ बघा. बॉलर विचारतो, रेडी? बॅट्समन म्हणतो, येस. मग प्ले म्हणून हात खालून बॉल सोडायचा, तो अर्ध्या खेळपट्टीच्या आत टप्पा घेऊन खुळखुळत येतो. मुख्य फटका स्वीप. गुडघा टेकायचा, बॅट जमिनीलगत आडवी. अकरांत किमान चार पूर्ण अंध, त्यांना धावायला रनर, आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट.

जन्मापासून अंध मुलं हे लवकर उचलतात. आधी दिसणाऱ्याचं कठीण. माझा पोरगा बॅट मागे उंच उचलायचा, डावा पाय कव्हरकडे टाकायचा, डोकं वर. फटका दृष्ट लागावी असा, आणि बॉल बॅटखालून स्टंपावर. अंगाला जुनं क्रिकेट आठवत होतं, कानाला नवं येत नव्हतं. पहिले कित्येक रविवार एक धाव नाही. रविवारच, कारण बाकीचे दिवस शेजारच्या लूमची खटखट, तिच्यात बॉल ऐकूच येत नाही. एकदा एक रविवार मांडवाच्या डीजेने खाल्ला. त्या दिवशी तो मांडववाल्याशी भांडला, आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, पोरगा खेळणार.

खेळला. राज्याच्या निवड चाचणीपर्यंत गेला. निवड झाली नाही, समोरची पोरं त्याच्यापेक्षा चांगली होती. वाईट वाटलं त्याला, आणि मला बरं वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी त्याच्याशी कुणी दयेने वागलं नव्हतं. अजून म्हणतो, हे काही खरं क्रिकेट नाही. अजून खेळतो.

माझ्या धंदेबंधूंवर माझा राग आहे तो तीन डिसेंबरचा. दिव्यांग दिन. मैदानावर साहेब येतात, डोळ्यांवर रुमाल बांधतात, खुळखुळणारा बॉल हुकतो, सगळे हसतात, फोटो निघतो. फोटोची व्यवस्था बघायला पीटीचे सर. चार डिसेंबरला त्याच मैदानाच्या फाटकाला कुलूप, आणि कुलपाची किल्लीही पीटीच्या सरांकडेच. आपल्यावर अन्याय होतो हे मी आत्ताच रडून सांगितलं, पण किल्ली आपल्याकडे असते, हे सांगायला आपण विसरतो.

इथून तासाभरावर नवसारी. तिथला नरेश तुमडा २०१८ साली शारजात पाकिस्तानला हरवून विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय अंध संघात होता. तीनशेच्या वर धावांचा पाठलाग होता, दोन गडी राखून जिंकलो. २०२१ साली हाच नरेश दिवसाला अडीचशे रुपयांवर मजुरी करत होता आणि नोकरी द्या म्हणून सरकारकडे अर्ज करत होता. वर्तमानपत्रांत आलं तेव्हा आमच्या शिक्षक मित्रांनी हळहळून ते फॉरवर्ड केलं. मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी अंध मुलांचा एक तरी सामना शेवटपर्यंत पाहिलाय? सगळे गप्प. गप्प बसायची सवय तरी त्या सामन्याला उपयोगी पडली असती. बॉल टाकताना प्रेक्षकांनी टाळीही वाजवायची नसते.

तर तुमच्या शाळेत असं पोर येणारच. कुणाचा पडदा सरकलेला, कुणाला फटाका लागलेला, कुणाला गिरणीतलं केमिकल उडालेलं. ते कट्ट्यावर येऊन बसेल. त्याच्या हातात माइक देऊ नका, नारळ देऊ नका, स्कोअरबुक देऊन कोपऱ्यात बसवू नका. मी म्हातारा आहे, एकच गोष्ट चारदा बोलतो, बोलू द्या. माइक नको. नारळ नको. त्याला विचारा, कितव्या नंबरला खेळायचास? तो सांगेल. बॉल तुमच्या कपाटात असला पाहिजे, महाग नाही, पहिल्या पगारात येतो. शून्यावर आउट झाला तर आउट द्या. आणि मुख्याध्यापक मांडवाच्या अर्जावर सही मागतील तेव्हा पेन सापडत नाही म्हणा. मी हे बरीच वर्षं चालवलं.

प्राचार्य घड्याळ बघतायत. गाऊनमध्ये पोरं उकडून निघाली असतील. घ्या, पदव्या वाटायला घ्या.